शिबिराची गाडी आणि तिची हवा

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील आरोग्य शिबिरांसाठी चारही चाकांना गती मिळणारी एक दणकट गाडी घ्यावी, हा विचार आपल्या मंडळींत बराच काळ घोळत होता. आता तो प्रत्यक्षात येण्याच्या बेतात आहे, ही आनंदाची गोष्ट होय. त्या निमित्ताने गाडीवर काय काय बसवून घ्यावे याची एक यादी तयार झाली व ती माझ्याही पाहण्यात आली. छतावरील कॅरिअर, पुढचे जादा दिवे, आसनांची कव्हरे, ध्वनिक्षेपक, दोन्ही बाजूंस संघटनेचे नाव व बोधचिन्ह, असे सारे काही त्या यादीत आहे. नाही ती एकच वस्तू : गाडीवर कायमचा बसवलेला एअर कॉम्प्रेसर. ही वस्तू यादीत सर्वांत वर असावी आणि पैसे अपुरे पडत असतील तर बाकीच्या वस्तू पुढील वर्षावर ढकलाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांच्या स्मरणिकेत गाडीच्या हवेवर लेख कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढील विवेचनातून मिळावे, अशी अपेक्षा आहे.

वाट कशी आहे

कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा, देगाव, आमगाव ही नावे आपणांस नवी नाहीत. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, म्हादईचा देगावच्या परिसरातला. पाऊस असा की घरांच्या भिंतींना बाहेरून झावळ्या आणि गवताचे कूड बांधावे लागतात. यांपैकी बराचसा मुलूख 2011 साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात किंवा त्याच्या लगत येतो. त्यामुळे पक्का रस्ता आणि पूल हे प्रश्न केवळ निधीचे राहत नाहीत. वनखात्याचे नियमही आड येतात. जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेस गावकऱ्यांनी भर पावसात लाकडी डोलीवर घालून, रुग्णवाहिका जिथवर येऊ शकत होती तिथवर, कित्येक किलोमीटर पायी वाहून आणल्याचे वृत्त आपण सर्वांनी वाचले असेल.

कर्नाटकात 2008 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु रुग्णवाहिका डांबरी रस्त्याची लेक आहे. फाट्यापासून गावापर्यंतचे जे चार-सहा किलोमीटर उरतात, त्यांत तांबड्या मातीचे खोल चर असतात, जांभ्या दगडाच्या उघड्या पायऱ्या असतात, ओढ्यातले गोटे असतात. आपली गाडी जायची आहे ती या चार-सहा किलोमीटरांसाठी. शिबिराला जाताना तीत औषधे व सहकारी असतील. परतताना मात्र एखादे वेळी मांडीचे हाड मोडलेला गडी, दिवस भरलेली बाई किंवा सर्पदंश झालेले मूल असेल. हा संभव गृहीत धरूनच गाडी सजवली पाहिजे.

हवा कमी करण्याचे शास्त्र

टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास किती पौंड, असा मोजतात. पंपावर आपण नुसते ‘तीस हवा भर’ म्हणतो, तेव्हा ते हेच तीस पौंड असतात. डांबरी रस्त्यासाठी उत्पादकाने दिलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत छापलेला असतो आणि बहुतेक जीपवजा गाड्यांत तो तिसाच्या आसपास असतो. हा आकडा ठरवताना डांबरी रस्ता, वेग आणि वजन यांचा विचार केलेला असतो. जंगलातल्या वाटेचा विचार त्यात नसतो.

त्याच टायरमधील हवा तिसावरून वीस-बावीसवर आणली की तीन गोष्टी घडतात. पहिली, टायर जमिनीवर लांबट पसरतो. टेकणारा पृष्ठभाग वाढतो, चाक दगडाला व मातीला कवटाळून धरते आणि जागच्या जागी गरगरणे कमी होते. दुसरी, टोकदार दगड टायरमध्ये घुसण्याऐवजी टायरच त्याच्याभोवती दबतो, त्यामुळे चिरण्याचा व फुटण्याचा संभव घटतो. तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हवा भरलेला टायर ही एक स्प्रिंगच आहे आणि तिचा ताठरपणा ढोबळमानाने दाबाच्या प्रमाणात बदलतो. बत्तीस पौंडांवरून एकवीसवर आलो तर तो सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. दगडागणिक जो दणका आसनापर्यंत पोचतो, तो तितका बोथट होतो. मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर घासली जाताना रुग्ण कसा कळवळतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांना सांगायला नको. मणक्याला इजा असल्याची शंका असलेला रुग्ण असेल, तर प्रत्येक दणका म्हणजे एक जोखीम. स्प्लिंट आपण काळजीपूर्वक बांधतो आणि मग त्या रुग्णाला दगडासारख्या टणक चाकांवरून नेतो, यात कोठेतरी विसंगती आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हवा कमी करणे हा सर्व वाटांवरचा एकच उपाय नव्हे. वर पातळ चिखल आणि खाली कठीण थर असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खालच्या थरापर्यंत पोचतो व तेथे फार कमी हवेचा लाभ होत नाही. पंधरा पौंडांच्या खाली गेल्यास साधा टायर वळणावर रिमवरून निसटू शकतो. म्हणजे येथेही मात्रा ठरलेली आहे : खडबडीत कच्च्या वाटेला चोवीस-पंचवीस, दगडी चढावाला वीस-बावीस, आणि अगदीच मऊ रुतणाऱ्या जागी अठरापर्यंत, तीही थोड्या अंतरासाठी, सायकलच्या वेगाने. वजन व टायर यांनुसार यात थोडाफार बदल होईल.

खरा धोका परतीच्या वाटेवर

हवा सोडायला काही लागत नाही. व्हॉल्व्हची पिन दाबली की दोन मिनिटांत काम होते. ती पुन्हा भरणार कशी, हा खरा प्रश्न आहे. कमी हवेचा टायर डांबरावर वेगाने पळवला की त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, तापतात आणि आतील थर सुटू लागतात. चोर्ल्याच्या घाटात किंवा जांबोटीहून बेळगावकडे येताना, रात्रीच्या वेळी, रुग्ण गाडीत असताना असा टायर फुटणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. वळणावर गाडी तरंगते, ब्रेकचे अंतर बदलते, ते वेगळेच.

यामुळे होते असे की हवा भरण्याची सोय नसलेला चालक हवा कमी करतच नाही. तो शहाणा असतो म्हणूनच करत नाही. बत्तीस पौंडांवरच तो दगडांवरून गाडी हाकतो, रुग्ण दणके खातो, टायर चिरतो, आणि आपण दोष वाटेला देतो. याचाच अर्थ, परत हवा भरण्याचे साधन गाडीवर असेल तरच कमी हवेचा फायदा रुग्णाला मिळू शकतो. चारही चाकांना गती देणाऱ्या यंत्रणेवर आपण लाखो रुपये खर्च करणार. पण ती गती जमिनीपर्यंत पोचवणारे टायर मात्र चुकीच्या दाबावर ठेवणार, हा व्यवहार पटण्यासारखा नाही.

हातपंप, डिकीतला पंप की कायमचा कॉम्प्रेसर?

बाजारात मिळणारा छोटा पंप सिगारेट लायटरच्या भोकात लावून चालतो, तो पुरे, असे काहींचे म्हणणे आहे. येथे थोडा हिशेब मांडू. नव्या थारच्या आकाराच्या एका टायरची पोकळी अंदाजे पन्नास ते साठ लिटरची असते. अठरा पौंडांवरून बत्तीसवर न्यायचे म्हणजे चौदा पौंड वाढवायचे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ एक पट. याचा अर्थ बाहेरची सुमारे पन्नास-पंचावन्न लिटर हवा प्रत्येक टायरमध्ये कोंबायची. चार टायरांची मिळून दोनशे लिटरांहून थोडी अधिक.

छोट्या पंपाची खरी क्षमता, खोक्यावरची जाहिरात सोडून, मिनिटाला पंधरा-वीस लिटरांच्या घरात असते. म्हणजे नुसते चालू राहण्याचीच दहा ते चौदा मिनिटे. शिवाय हे पंप दोन टायर भरेपर्यंत इतके तापतात की त्यांना विश्रांती द्यावी लागते. लायटरच्या भोकाचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असल्याने अधिक ताकदीचा पंप तेथे चालतही नाही. वीस-पंचवीस मिनिटे पावसात, फाट्यावर, रुग्ण गाडीत ठेवून कोणी थांबणार नाही. ‘चला, असेच जाऊ हळूहळू’ असे म्हटले जाईल, आणि तेथेच घात होईल.

कायम बसवायचा एका मोटरचा चांगला कॉम्प्रेसर टायरच्या दाबाला मिनिटाला साठेक लिटर हवा देतो. म्हणजे हवा भरण्याची मिनिटे चार. नळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरून आठ-नऊ. रुग्ण 108 च्या स्वाधीन करायचा असेल तर कागदपत्रे होईतो हे काम उरकते. ‘करू की नको’ असा विचारच मनात येऊ नये इतके ते सोपे होते, आणि आणीबाणीच्या साधनाची कसोटी हीच असते. ॲम्ब्यू बॅग कपाटात कुलुपात आहे की हाताशी आहे, यावर तिची उपयुक्तता ठरते. येथेही तोच न्याय.

इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारे, वातानुकूलन यंत्राच्या कॉम्प्रेसरमधून बनवलेले जुगाड काही हौशी मंडळी करतात. हवा भरपूर मिळते हे खरे. पण त्या कॉम्प्रेसरला तेल लागते व ते हवेबरोबर बाहेर पडते, त्याची देखरेख जाणकारालाच जमते. संघटनेच्या गाडीला, जी आज एकाच्या आणि उद्या दुसऱ्याच्या हाती असणार, बारा व्होल्टवर चालणारा विद्युत कॉम्प्रेसरच योग्य.

बसवावा कसा

माझ्या मते कंपनीच्या नावापेक्षा बसवण्याची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. उत्तम औषध चुकीच्या मार्गाने दिले तर जे होते, तेच येथे होते. म्हणून मेस्त्रीला गाडी देताना पुढील गोष्टी लेखी द्याव्यात.

जागा : तीन अटी आहेत, उष्णतेपासून दूर, पाण्यापासून उंच, आणि हात पोचेल अशी. बॉनेटखाली टर्बो व एक्झॉस्टपासून वीतभर मोकळी जागा मिळत असेल तर ती उत्तम, कारण बॅटरी जवळ असते. नसल्यास मागील बाजूच्या आतल्या भिंतीलगत बसवावा. चॅसीला खाली लटकवणे सर्वस्वी अयोग्य. ओढ्याचे पाणी एकदा आत ओढले गेले की यंत्र निकामी. हवा आत घेणारी फिल्टरची नळी तर सर्वांत उंच असावी. पट्टी जाड पत्र्याची, बोल्टना कुलुपी नट आणि खाली रबरी वॉशर हवेत, कारण या वाटांवर दर शंभर किलोमीटरला काहीतरी सैल होतेच.

वायर : बहुतेक चुका येथे होतात. असा कॉम्प्रेसर कामाच्या वेळी वीस ते तीस अँपिअर प्रवाह ओढतो. समजा तो मागे बसवला व बॅटरीपासून चार मीटर अंतर आहे. जाऊन येऊन आठ मीटर तांबे. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या वायरीतून तीस अँपिअर नेल्यास सुमारे 1.7 व्होल्ट वाटेतच नष्ट होतात आणि त्यांची उष्णता होते. मोटर रडतखडत चालते व वायर तापते. दहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत हेच नुकसान 0.4 व्होल्टच्या आसपास राहते. चार-पाचशे रुपये वाचवण्यासाठी बारीक वायर घालणारा मेस्त्री आपला मित्र नव्हे.

फ्यूज : तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा, कॉम्प्रेसरजवळ नव्हे. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी असतो असा गैरसमज आहे. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. पत्र्याच्या कडेवर घासून वायर उघडी पडली, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधला भागच पेट घेतो. म्हणून तो भाग जितका आखूड तितका चांगला. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तेथे रबरी गोट बसवलाच पाहिजे. डॅशबोर्डवरील बटनातून मुख्य प्रवाह नेऊ नये. बटनाने केवळ रिले चालू करावा. अलीकडच्या, विशेषतः 2020 नंतरच्या भारत स्टेज सहा गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे नाजूक असतात. कंपनीच्या वायरी कापून जोड देणे टाळावे.

नळी : हवा दाबली की तापते, हे आपण सायकलच्या पंपावर अनुभवले आहेच. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ती इतकी तापलेली असते की साधी प्लास्टिकची नळी वितळते. म्हणून पहिला हातभर भाग धातूची जाळी असलेल्या उष्णतारोधक नळीचा हवा. दाब ठरावीक मर्यादेला पोचताच मोटर आपोआप बंद करणारा स्विच आणि एक सुरक्षा व्हॉल्व्ह या दोहोंशिवाय यंत्र स्वीकारू नये.

टाकी : हवेची टाकी असावी असा आग्रह होईल; मला ती आवश्यक वाटत नाही. चार लिटरच्या टाकीत दीडशे पौंडांनी हवा भरली, तरी टायरच्या दाबाच्या वर वापरता येण्याजोगी हवा तीसेक लिटर निघते. एक टायरही त्यात पुरता होत नाही. रिमवरून निसटलेला टायर झटक्यात परत बसवायचा असेल तर टाकी उपयोगी पडते, हे मान्य. पण तिच्यात पाणी साठते, ते नियमित सोडावे लागते, आणि आपल्या दमट हवेत विसरलेली टाकी आतून गंजते. जे नियमित करणे होणार नाही, ते न घेतलेलेच बरे.

कायद्याविषयी दोन शब्द. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली त्यावर कठोर भूमिका घेतली आहे. म्हणून चॅसी वा सांगाडा कापणे, भोके पाडणे सर्वथा टाळावे. असलेल्या भोकांचाच उपयोग करावा आणि बसवलेल्या वस्तूची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी. तसेच, ही गाडी रुग्णवाहिका नाही याचे भान असू द्यावे, रुग्णवाहिकेसाठी ए.आय.एस. 125 ही स्वतंत्र संहिता आहे. आपली गाडी फाट्यापर्यंतची सोबत आहे.

डॉक्टरांसाठी तीन निषेध

आपल्या व्यवसायामुळेच आपल्याला पडू शकतील असे तीन मोह आहेत. ते आधीच नाकारणे इष्ट.

एक : ही हवा रुग्णाच्या श्वासासाठी वापरायची नाही. नेब्युलायझर बंद पडला, गाडीत कॉम्प्रेसर आहेच, जोडू या, ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ही हवा इंजिनाजवळची, धुळीची, दमट असते. तीत रबराचे व वंगणाचे कण असू शकतात, आणि दाब फुप्फुसांच्या कल्पनेपलीकडचा असतो. बॅटरीवर चालणारा स्वतंत्र नेब्युलायझर बरोबर ठेवावा.

दोन : ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून कॉम्प्रेसरची प्रत्येक वस्तू दूर ठेवावी. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस यांची गाठ पडली तर ठिणगीवाचूनही पेट घेतला जाऊ शकतो. कॉम्प्रेसरला लावलेला पाना, ग्रीसचा हात, धाग्याची टेप यांपैकी काहीही ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लागता कामा नये. सिलिंडर ज्या बाजूस, त्याच्या विरुद्ध बाजूस कॉम्प्रेसर व त्याची वायर असावी. आमच्या दंतवैद्य मित्रांनीही आपला एअरोटर यावर चालवण्याचा विचार सोडून द्यावा; त्याला कोरडी, तेलविरहित हवा अखंड लागते, आणि हे यंत्र थांबून थांबून चालण्यासाठी घडवलेले असते.

तीन : नळीने अंगावरची धूळ उडवणे. गॅरेजांतून हा प्रकार सर्रास दिसतो. डोळा, कानाचा पडदा, त्वचेवरची एखादी जखम, यांतून दाबाची हवा आत शिरल्यास काय होते हे आपणांस शिकवण्याची गरज नाही; पण शिबिरातील मुले गाडीभोवती जमतात, त्यांच्या हाती नळी जाऊ देऊ नये हे स्वयंसेवकांना सांगण्याची गरज आहे.

आक्षेप व उत्तरे

‘आधी रस्ते मागा, कॉम्प्रेसर कसले मागता?’ असा एक आक्षेप मी ऐकला. तो मला मनापासून मान्य आहे. रस्ता व पूल यांना पर्याय नाही, आणि भर पावसाळ्यात काही ओढे असे असतात की तेथे कोणत्याही गाडीने जाऊ नये. तेथे डोलीच खरी. निवेदने द्यावीत, पाठपुरावा करावा. परंतु रस्ता होईपर्यंतचे रुग्ण रस्त्याची वाट पाहत थांबत नाहीत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. यंत्र, वायर, नळी व मजुरी मिळून हा खर्च त्याच गाडीच्या चार नव्या टायरांच्या किमतीच्या आतबाहेर येईल, असा माझा अंदाज आहे. जांभ्याच्या दगडांवर दोन टायर वाचले तरी त्यातला बराचसा वसूल होतो. जादा दिव्यांनी आणि बोधचिन्हांनी काय वसूल होते, ते ज्याने त्याने ठरवावे.

तिसरा आक्षेप असा की पंक्चरवाला सर्वत्र असतो. बेळगावात असतो, खानापुरात असतो, जांबोटीतही मिळेल. त्यापुढे नाही, आणि रात्री नाही. ट्यूबलेस टायरचे साधे पंक्चर रबरी पट्टी व सुई यांनी दहा मिनिटांत बुजवता येते, पण त्यानंतर शून्यापासून हवा भरावी लागते. तेथेही कॉम्प्रेसरच कामाला येतो.

चौथा आक्षेप कोणी बोलून दाखवला नाही, पण तो सर्वांत खरा आहे : बसवाल, पण वापराल का? आपल्या अनेक दवाखान्यांतील जनरेटरचा इतिहास पाहता ही शंका रास्त आहे. म्हणून यंत्राबरोबर एक शिस्तही यावी, अशी माझी सूचना आहे. गाडीत एक वही असावी. प्रत्येक शिबिराच्या आदल्या दिवशी कॉम्प्रेसर पाच मिनिटे चालवून, चार टायर व स्टेपनीचा दाब तीत नोंदवावा. हवा नेहमी इंजिन चालू ठेवून भरावी, नाहीतर जंगलात बॅटरी उतरून बसेल. वर्षातून एकदा, मे महिन्यात, फिल्टर बदलावा, बोल्ट आवळावेत, वायरीचे गोट तपासावेत. आणि केवळ चालकाला नव्हे, तर शिबिराला जाणाऱ्या किमान दोन डॉक्टरांना हवा कमी करणे व भरणे प्रत्यक्ष करता आले पाहिजे. चाकाजवळ उकिडवे बसण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कष्टकऱ्याची नाडी पाहायलाही आपण त्याच्या ओसरीवर उकिडवे बसतोच.

आपल्या पिढीतील अनेकांनी सायकलवरून, बैलगाडीतून, खाजगी जीपमधून खेडोपाडी जाणारे वडीलधारे डॉक्टर पाहिले आहेत. त्यांच्याजवळ साधने थोडी होती, पण जी होती ती चालू स्थितीत असत. सुई उकळलेली, कंदिलात तेल भरलेले. आज साधनांची कमतरता नाही. म्हणून येत्या सभेत यादी मंजूर करताना माझी सदस्यांना एवढीच विनंती आहे : कॉम्प्रेसरला मंजुरी द्यावी, तो बसवण्याच्या अटी ठरावात नोंदवाव्यात, आणि गाडीच्या वहीची जबाबदारी एका सदस्याकडे नावानिशी सोपवावी. गाडीच्या बाजूंवर संघटनेचे नाव पुढील वर्षी रंगवले तरी चालेल. फाट्यावर वाट पाहणाऱ्याला गाडी आली एवढे दिसले म्हणजे पुरे.